कपाशीचा पैसा आणि पाच तारखेचा हप्ता: एका ऑनलाइन शिकवणीचं प्रकरण

रक्कम मोठी नाही. ७२,००० रुपयांचं कर्ज, २४ हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला ३,००० रुपये खात्यातून आपोआप कापले जाणार. त्यातले दहा भरले गेले, चौदा राहिले. कर्ज घेणारा पारोळा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. पैसे मिळाले ते एका ऑनलाइन शिकवणी कंपनीला, देणारी तिसरीच एक वित्त कंपनी. कागदावर हे 'शैक्षणिक कर्ज' होतं. शेतकऱ्याच्या घरी मात्र सगळे त्याला 'टॅबचे पैसे' म्हणत.

मी अमळनेरला हिशेब आणि करांची कामं करतो. मे २०२३ मध्ये हे कागद माझ्याकडे आले ते शिकवणीच्या तक्रारीपायी नव्हे, तर पीककर्ज अडलं म्हणून. शेतकऱ्याला इथे नाना म्हणतो, कारण गावात सगळे तेच म्हणतात. शिकवणी कंपनी आणि वित्त कंपनी या दोघींची नावं देत नाही. पुढे काही कंपन्यांची नावं येतील, ती जाहीर झालेल्या गोष्टींपुरती. नानांची कंपनी त्यांच्यापैकीच एक असं समजू नये. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे हलवले आहेत.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाहेरच्या वाचकाला वाटेल की खेड्यातला माणूस टॅब बघून भुलला. आमच्या भागात संगणक कंपनी या प्रकाराला मान आहे आणि त्याला कारण आहे. विप्रो १९४५ साली अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तूप आणि तेलाच्या कारखान्यातून. ज्यांनी तिचे शेअर धरून ठेवले त्यांच्या घरांचे मजले वाढलेले आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे 'बंगळूरची कंपनी' म्हटलं की इथला माणूस खुर्ची पुढे करतो. त्याच विप्रोनं फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांच्या वार्षिक पगारावर निवडलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं. ही बातमी आमच्याकडेही वाचली गेली, पण शेअरच्या गोष्टीइतकी ती बोलली जात नाही.

विक्री

जानेवारी २०२२. त्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. वर्षानुवर्षं पाच-साडेपाच हजारांत कापूस घालणाऱ्या घरांत पहिल्यांदाच चार पैसे शिल्लक पडले. कोणी ट्रॅक्टरचं जुनं देणं फेडलं, कोणी घरावर स्लॅब टाकला. नानांचा मुलगा आठवीला, सेमी इंग्रजीत. शाळा दीड-दोन वर्षं बंद-चालू, गणित कच्चं राहिलेलं. अशा घरात कंपनीचा माणूस आला, आणि तो परका नव्हता. नानांच्या सासुरवाडीच्या गावचा मुलगा, नानांच्या बायकोला आत्या म्हणणारा, जळगावच्या विद्यापीठातून एमबीए झालेला. त्यानं टॅबवर पायथागोरसचं प्रमेय फिरतं करून दाखवलं. प्रमेय खरंच सुंदर फिरत होतं, हे मी स्वतः नंतर पाहिलं.

किंमत ७२,०००, दोन वर्षांसाठी. "नाना, व्याज शून्य. महिन्याला तीन हजार. नाही आवडलं तर पंधरा दिवसांत परत." आधारवर ओटीपी आला, पॅनचा फोटो निघाला, बँकेच्या सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या, ऑटो डेबिटला होकार गेला. पाऊण तासात सगळं उरकलं. त्यात दोन ओटीपी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, एक शिकवणीचा आणि एक कर्जाचा, हे नानांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, शिकवणीवालाच हप्त्यानं पैसे घेतो आहे, जसा आमच्याकडचा खतवाला घेतो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ डिसेंबर २०२१ ला, पालकांसाठी सूचना काढली होती. फुकट म्हणून दाखवलेल्या सेवेची नीट चौकशी करा, फी भरायला आपोआप कापणारी सोय टाळा, असं तिच्यात स्पष्ट होतं. सूचना दिल्लीत निघाली. पारोळ्याच्या त्या घरात मात्र आत्याचा भाचा येऊन बसला होता.

७२,००० गेले कुठे

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण सगळी मेख इथे आहे.

'विनाव्याज हप्ता' हा प्रकार रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना खडसावून सांगितला होता: शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी दडवलेलं असतं. नानांच्या बाबतीत ते शिकवणीच्या किमतीत दडलं होतं. वित्त कंपनी वर्षाला १५ टक्के दर लावते असं धरू. दरमहा ३,००० चे २४ हप्ते पुढे मिळणार असतील, तर त्यांची आजची किंमत सुमारे ६१,९०० रुपये भरते. म्हणजे वित्त कंपनी शिकवणी कंपनीला आज ६१,९०० देते आणि नानांकडून दोन वर्षांत ७२,००० वसूल करते. मधले दहा हजार हे व्याजच. नानांच्या कागदावर ते दिसत नाही, कारण तिथे 'कोर्सची किंमत ७२,०००' इतकंच लिहिलेलं असतं.

आता शिकवणी कंपनीच्या बाजूनं पाहा. मुलानं पहिला धडा उघडण्याआधीच दोन वर्षांच्या शिकवणीचे पैसे तिच्या खात्यात जमा. मूल शिकतं की नाही यावर त्या पैशांतला एक रुपयाही अवलंबून नाही. गावातल्या क्लासवाल्या सरांचं असं नसतं. दुसऱ्या महिन्यात मुलगा यायचा बंद झाला तर सरांची तिसऱ्या महिन्याची फी बुडते, म्हणून ते घरी येऊन विचारतात. इथे विचारायला येण्याचं कारणच उरलं नाही.

हिशेबाच्या भाषेत प्रश्न असा: हे ७२,००० कंपनीनं 'कमावले' कधी? साधा नियम सांगतो की शिकवलं तसे कमावले, म्हणजे महिन्याला ३,०००. पण वाढ दाखवायची असेल, गुंतवणूकदारांपुढे चढता आलेख ठेवायचा असेल, तर पहिल्याच दिवशी मोठा आकडा मांडण्याचा मोह होतो. हा मोह किती महागात पडतो याचं जाहीर उदाहरण बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं. त्या कंपनीचे २०२०-२१ चे हिशेब तब्बल दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. महसूल मोजण्याची पद्धत बदलावी लागली, त्यातला काही पुढच्या वर्षांत ढकलावा लागला. उत्पन्न २,४२८ कोटी आणि तोटा ४,५८८ कोटी. पुढच्या वर्षाचा तोटा ८,२४५ कोटी. याच काळात, २०२२ मध्ये, कंपनीचं मूल्य २२ अब्ज डॉलर ठरवलं गेलं होतं. जून २०२३ मध्ये डेलॉइटनं लेखापरीक्षणाचं काम सोडलं आणि गुंतवणूकदारांचे तीन संचालकही बाहेर पडले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झालं.

२२ अब्ज डॉलरचा आकडा ज्यांनी लावला ते अडाणी नव्हते. विक्रीच्या आलेखाकडे पाहून त्यांनी तो लावला. आणि त्या धंद्यातला विक्रीचा आलेख नानांसारख्यांच्या ओटीपीवर चढत होता.

याला आणखी एक पदर आहे. अशा व्यवहारांत बरेचदा शिकवणी कंपनी वित्त कंपनीला हमी देते की ग्राहकानं हप्ता बुडवला तर सुरुवातीचं नुकसान आमचं. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं या हमीला कर्जाच्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली. नानांचं कर्ज झालं तेव्हा अशी मर्यादा नव्हती. हमी असली की वित्त कंपनी ग्राहक नीट तपासत नाही. तिला त्याची गरज वाटत नाही.

'मासिक उत्पन्न' नावाचा रकाना

कर्जाच्या अर्जात मासिक उत्पन्नाचा रकाना होता. त्यात ३०,००० लिहिलेलं आहे.

कापूस पिकवणाऱ्याला मासिक उत्पन्न नसतं. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणी, मग व्यापारी किंवा जिनिंगवाला पैसे देतो. ते पैसे संक्रांतीपर्यंत येतात आणि पुढचे आठ-नऊ महिने पुरवायचे असतात. वेचणीची मजुरी, सोसायटीची परतफेड, एखादं लग्न, मग उरलं ते घर. नानांच्या बँकेच्या नोंदी कोणीही उघडून बघाव्यात: वर्षात तीन-चार मोठ्या जमा, बाकी गॅसची सबसिडी आणि पीएम किसानचे दोन हजार. महिन्याला तीस हजार कुठेच नाहीत. वित्त कंपनीनं या नोंदी मागवल्या होत्या, तिच्याकडे त्या होत्या.

मग तीस हजार आले कुठून? भाच्यानं नंतर सांगितलं. वरच्या मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप असे की उत्पन्न कमी असेल तर घरातल्या दोघा-तिघांचं मिळवून भरा, फाइल परत आली तर तुमची विक्री धरणार नाही. नानांची बायको दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जात नव्हती, तरी तिच्या नावानं मजुरी धरली गेली.

जानेवारी २०२३ मध्ये बायजूजनं जाहीर केलं की यापुढे घरी जाऊन विक्री नाही आणि महिना २५,००० पेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला कोर्स विकणार नाही. त्याच्या थोडंच आधी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं त्यांना बोलावून घेतलं होतं. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांच्या घरांना लक्ष्य केलं जातं, असं आयोगाचं म्हणणं होतं. २५,००० ची अट ऐकायला बरी आहे. पण ती पगारदाराच्या घराकडे बघून केलेली अट आहे. जिथे उत्पन्न वर्षातून एकदा येतं तिथे बारानं भागून आलेला आकडा पाच तारखेला खात्यात नसतो.

नानांचे पहिले हप्ते सुरळीत गेले, कारण दहा हजारी कापसाचे पैसे खात्यात होते. पुढच्या हंगामात खानदेशभर जे झालं तेच नानांकडेही झालं. पुन्हा दहा हजारांचा भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला. खोल्या भरल्या, पडवीत ढीग लागले, अंगाला खाज सुटली, आणि भाव सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळत राहिला. विकावा की थांबावा यात मार्च उजाडला. कापूस घरात होता, खात्यात पैसा नव्हता. हप्ते उलटले. प्रत्येक उलटलेल्या हप्त्याला बँकेचा दंड वेगळा आणि वित्त कंपनीचा वेगळा, आणि बँक तर एकाच हप्त्यासाठी दोनदा प्रयत्न करून दोनदा दंड लावी.

विकणाऱ्याची बाजू

अशा प्रकरणांत विक्रेत्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं असतं. कंपन्याही तेच करतात: 'काही कर्मचाऱ्यांनी चुकीची माहिती दिली.' म्हणून भाच्याचे कागदही मी मागून घेतले. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि शेवटचा हिशेब.

ऑगस्ट २०२१ मध्ये तो लागला. पॅकेज वर्षाला सहा लाख, त्यातले दोन लाख इन्सेन्टिव्ह. प्रशिक्षणाच्या काळात मानधनावर काम आणि त्या काळात ठरलेली विक्री झाली तरच नोकरी पक्की. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखीतल्या घरांची यादी द्यायची होती: ज्यांच्याकडे शाळेत जाणारं मूल आहे अशी नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, वर्गमित्रांची घरं. आत्याचं घर त्या यादीत असं आलं. रोज ठरावीक मिनिटं फोनवर बोलणं झालंच पाहिजे. ते कमी पडलं तर त्या दिवसाची हजेरी अर्धी. साप्ताहिक सुटी मंगळवारी, कारण शनिवार-रविवारी वडील घरी सापडतात.

पण सगळ्यात वाईट अट इन्सेन्टिव्हची होती. ग्राहकानं पहिल्या काही महिन्यांत हप्ता बुडवला किंवा कोर्स परत केला, तर विक्रेत्याला दिलेला इन्सेन्टिव्ह पुढच्या पगारातून कापून घ्यायचा. म्हणजे नाना पंधरा दिवसांत 'नको' म्हणाले असते तर भाच्याच्या खिशाला चाट. टॅब पोहोचायलाच बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी नानांनी फोन केला की मुलाला इंग्रजीतलं समजत नाही. भाचा म्हणाला, "नाना, महिनाभर बघू द्या, सवय होईल." तो असं का म्हणाला हे आता मला समजतं. त्याच्यावर रागावून काही हाती लागत नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. साल किती, धान्य किती, चपला-धोतर कोणाचं, खाडे कसे धरायचे, हे चार माणसांसमोर बोललं जातं. सालदारी सुखाची आहे असं कोणी म्हणणार नाही. उचल घेतलेला माणूस वर्षभर मालकाच्या दारात अडकतो. पण मालकाचं पीक बुडालं म्हणून सालदाराच्या आधी दिलेल्या पैशांतून वसुली करायची, असा करार मी अजून ऐकलेला नाही. तो करार मी एमबीए झालेल्या मुलाच्या नेमणूकपत्रात वाचला.

२०२२ च्या मध्यावर शाळा नियमित सुरू झाल्या आणि या धंद्याचं पाणी उतरलं. लिडो लर्निंग फेब्रुवारीतच बंद पडली होती. वेदांतूनं, अनअकॅडमीनं शेकड्यांनी माणसं कमी केली. व्हाइटहॅट ज्युनियरनं घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात हजर व्हायला सांगितलं, तेव्हा दोन महिन्यांत आठशेहून अधिक लोकांनी राजीनामे दिल्याच्या बातम्या आल्या. त्या लोकांना काढलं असं म्हणता येत नाही, त्यांनी सोडलं. ही युक्ती कंपन्यांना स्वस्त पडते, कारण राजीनाम्याला भरपाई नसते.

भाच्याच्या कंपनीनंही तेच केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला व्हिडिओ मीटिंगची लिंक आली. वीस मिनिटांत सांगितलं गेलं: एक तर 'कामगिरी सुधारणा योजने'त जा आणि महिन्यात दुप्पट विक्री दाखव, नाहीतर आज राजीनामा दे म्हणजे अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल. त्यानं राजीनामा दिला. त्यानंतर आलेला शेवटचा हिशेब उणे होता. बुडालेल्या हप्त्यांचे इन्सेन्टिव्ह, लॅपटॉपची 'झीज' आणि कमी पडलेली नोटीस हे सगळं वजा जाता त्याच्याकडूनच कंपनीला येणं निघालं. 

कायद्याच्या दारात जावं तर तिथेही अडचण. पगारवाटपाच्या १९३६ च्या कायद्याची मर्यादा तेव्हा महिना २४,००० ची. याचा पक्का पगार तिच्या वर. औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' ठरावं तर विक्रीचं काम करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सॅन्डोजच्या खटल्यात त्या व्याख्येबाहेर ठेवलेलं. तो खटला औषध कंपनीच्या प्रतिनिधींचा, पण त्याची सावली सगळ्या विक्रेत्यांवर पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत सगळे पैसे देण्याची तरतूद लागू झाली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाहेर पडलेल्याला तिचा काय उपयोग.

शिकवणी

उत्पादनाविषयी फार लिहिण्यासारखं नाही. धडे चांगले चित्रित केलेले होते, पण सीबीएसईच्या क्रमानं. मुलाचं पुस्तक बालभारतीचं. वर्गात बाई जो धडा घेत तो टॅबवर तीन प्रकरणं पुढे किंवा मागे सापडे. शंका विचारायला दिलेला शिक्षक हिंदीत बोलायचा, मुलगा अहिराणीत विचार करून मराठीत प्रश्न विचारायचा. चार-पाच महिन्यांनी टॅब कपाटात गेला. कोणी घरी विचारायला आलं नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

पीककर्ज

मे २०२३ मध्ये नाना राष्ट्रीयीकृत बँकेत पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेले, तेव्हा साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक, पडलेला. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं राज्य सरकारनं बँकांना अनेकदा बजावलं आहे. शाखेत बसलेला अधिकारी पुढे वसुलीचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल हे ओळखून वागतो. त्याने 'आधी हे मिटवून या' इतकंच सांगितलं.

नाना माझ्याकडे आले ते वाक्य घेऊन. "पोऱ्या शिकस नही, मंग हप्ता कसाना?" वसुलीच्या फोनवर त्यांनी हेच विचारलं होतं. पलीकडून उत्तर आलं की शिकवणीचा आमचा संबंध नाही, आम्ही फक्त कर्ज दिलं आहे. शिकवणी कंपनीला फोन केला तर ती म्हणे कर्जाचा आमचा संबंध नाही. कायद्याच्या नजरेत दोघांचं म्हणणं खरं होतं. विक्रीच्या दिवशी मात्र दोघांचे ओटीपी एकाच माणसानं एकाच बैठकीत घेतले होते.

पहिला सल्ला मी दिला तो असा की ऑटो डेबिट थांबवण्याचा अर्ज स्वतःच्या बँकेत द्या, म्हणजे दुहेरी दंड तरी थांबेल. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. बँकेनं असा अर्ज घेतला पाहिजे. हप्त्याचं देणं त्यानं संपत नाही, तेही नानांना स्पष्ट सांगितलं.

मग लढायचं कुणाशी हे ठरवायचं होतं. शिकवणी कंपनीशी लढून पैसे परत मिळण्याची आशा मला वाटत नव्हती; ज्या धंद्यात पगार थकायला लागले होते तिथून परतावा कोण आणणार. वित्त कंपनीला मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना सांभाळायचा होता. डिजिटल कर्जांचे कडक नियम आले २ सप्टेंबर २०२२ ला: दर आणि खर्च एका पानावर सांगणारं पत्रक, कर्ज परत करायला काही दिवसांची मुभा, कर्जदाराची आर्थिक स्थिती तपासल्याचा पुरावा. ते आले तेव्हा नानांचं कर्ज आठ महिन्यांचं झालं होतं, त्यामुळे त्यांवर भिस्त ठेवता येत नव्हती. पण त्याच्या कितीतरी आधीपासून वित्त कंपन्यांना एक साधी आचारसंहिता लागू आहे. कर्जदाराशी सगळा पत्रव्यवहार स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत हवा, हे तिच्यात आहे. नानांचा सतरा पानी करारनामा अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत होता. नाना दहावीपर्यंत शिकलेले, मराठी माध्यमात.

तक्रार आम्ही तीन मुद्द्यांवर बांधली. करार समजणाऱ्या भाषेत नव्हता. तुमच्याकडे असलेल्या बँकेच्या नोंदी आणि तुमच्या अर्जातलं ३०,००० चं उत्पन्न जुळत नाही, मग तुम्ही काय तपासलं? आणि कर्जदाराला कर्ज वेगळ्या कंपनीचं आहे हे कोणी, कधी सांगितलं? शिकवणी चांगली की वाईट यावर एक शब्द लिहिला नाही. मुलाला समजलं की नाही हे सिद्ध करत बसलो असतो तर वर्षं गेली असती.

भाचा स्वतःहून म्हणाला होता की मॅनेजरचे निरोप देतो, लेखी जबाबही देतो. त्याला मी थांबवलं. त्याच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम होतं, आणि अर्जात खोटं उत्पन्न भरणारं बोट शेवटी त्याचंच होतं. वरच्यानं सांगितलं म्हणून भरलं हे खरं असलं तरी फिर्याद झाली तर आधी तोच सापडला असता. बँकेच्या नोंदी पुरेशा बोलक्या होत्या.

वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला नोंदणीकृत पोस्टानं आणि ई-मेलनं तक्रार गेली. तीस दिवस वाट पाहिली, ठरीव उत्तर आलं. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. तिला वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. जोडीला वित्त कंपनीला कळवलं की पुढची पायरी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बंगळूरच्या किंवा मुंबईच्या कंपनीला जळगावला तारखा करायच्या म्हणजे वकिलाचा एका फेरीचा खर्च चौदा हप्त्यांच्या जवळ जातो. हे गणित त्यांनाही येतं.

सप्टेंबरमध्ये तडजोडीचा फोन आला. राहिलेले ४२,००० आणि सगळा दंड माफ, भरलेले ३०,००० परत नाहीत. नाना लगेच तयार होते. मी फक्त एका गोष्टीवर अडून बसलो. वित्त कंपनीच्या मसुद्यात खातं 'सेटल्ड' दाखवणार असं होतं. सिबिलमध्ये 'सेटल्ड' म्हणजे कर्जदारानं पुरतं फेडलं नाही, धनकोनं कमी घेऊन सोडलं. पुढची बँक त्याकडे बुडव्याच्या नजरेनं बघते. आम्हाला 'क्लोज्ड' हवं होतं आणि येणं-देणं नाही असं पत्र. ते लेखी मिळायला आणखी तीन आठवडे गेले.

माझं यातलं मत एवढंच आहे की विक्रेत्यानं अतिरेक केला, वित्त कंपनी गाफील राहिली, पालक भोळा निघाला, असं तीन ठिकाणी दोष वाटून टाकणं सोयीचं असलं तरी खोटं आहे. धडा उघडण्याआधी पैसे जमा, बुडीत गेल्यास हमी, हमी वापरावी लागली की विक्रेत्याच्या पगारातून वसुली: ही साखळी कोणीतरी बसून आखलेली होती आणि तिच्यात सगळं जोखीम खालच्या दोन टोकांना सरकत होतं. एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला भाचा. मधल्या लोकांनी तंत्रज्ञानानं शिक्षण बदलल्याची भाषणं केली.

आजची स्थिती

लेखी पत्र मिळूनही सिबिलमध्ये नोंद बरेच महिने 'सेटल्ड'च राहिली. दुरुस्तीचा अर्ज दिला, उत्तर नाही. एप्रिल २०२४ पासून नवा नियम लागू झाला: तक्रारीनंतर तीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्याचा हवाला देऊन पुन्हा अर्ज केला, तेव्हा बदल झाला. २०२४ च्या खरिपाला नानांना पीककर्ज मिळालं. मधला २०२३ चा खरीप मात्र त्यांनी खाजगी उसनवारीवर काढला, महिना तीन टक्क्यांनी. या सगळ्या प्रकरणातला खरा खर्च तोच, आणि तो कोणत्याही तक्रारीत मागता आला नाही.

मुलगा दहावी झाला. गणिताला गावातल्याच एका सरांकडे जात होता, सहाशे रुपये महिना, फी कापूस आल्यावर.

भाचा आता जळगावात ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका वितरकाकडे आहे. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण विकलेल्या नळीचे पैसे शेतकऱ्यानं दिले नाहीत तर ते त्याच्या पगारातून कापले जात नाहीत. शिकवणी कंपनीनं त्याच्याकडून काढलेलं येणं कधी वसूल केलं नाही आणि माफ केल्याचंही कळवलं नाही. अनुभवाच्या पत्रासाठी त्यानं केलेले ई-मेल हल्ली पोहोचत नाहीत. तो पत्ता बंद झाला आहे.